गो, वेंट, गॉन आणि शेठ

भिवंडीच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी कुठल्याही गल्लीत शिरा, दोन आवाज एकमेकांत मिसळून कानांवर येतात. तळमजल्यावर माग चालू असतात आणि वरच्या मजल्यावर क्लास. खालून खटाक-खट-खटाक, वरून गो-वेंट-गॉन. नवख्या माणसाला कोणता आवाज कशातून येतोय ते चटकन कळत नाही. जुन्या माणसाला कळतं, पण तो दोन्हींकडे लक्ष देत नाही.

यंत्रमाग दर फेऱ्याला तीन कामं करतो. ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते, त्या वाटेनं धोटा पलीकडे जातो आणि मग फणी येऊन बाण्याचा धागा ठोकून बसवते. क्रियापदाचंही तसंच. पहिलं रूप वाट उघडतं, दुसरं पलीकडे जातं, तिसरं ठोकून बसतं. फरक एवढाच की खाली तिसऱ्या ठोक्यानंतर कापड निघतं आणि वर तिसऱ्या ठोक्यानंतर पुढचं क्रियापद निघतं.

माझं म्हणणं या फरकाबद्दलच आहे. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या पोरांनी तिसरं रूप घोकलं, पण ते असतं कशाला हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. पहिलं रूप रोजच्या कामाला, दुसरं काल झालेल्या कामाला, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. तिसरं? 'ते असतं,' असं सर सांगतात. परीक्षेत तीन रकाने असतात, दोनच भरले तर मार्क कापतात, म्हणून ते असतं.

आणि घोकायला आपल्याला वेळ कमी मिळाला असंही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात इंग्रजी आठवीपासून होतं, पुढे पाचवीपासून झालं आणि २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झालं. ज्यांनी आठवीत सुरुवात केली त्यांनी तीन-चार वर्षांत गो-वेंट-गॉन पाठ केलं. जे पहिलीत सुरुवात करतात ते दहावीपर्यंत दहा वर्षं तेच पाठ करतात. सरकारनं वर्षं वाढवली, क्रियापदं तेवढीच राहिली.

आमच्या आजोबांच्या पिढीची तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर भिस्त होती. वडिलांच्या पिढीच्या उशाशी रेन अँड मार्टिनचं व्याकरण. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता, आणि पुढे त्यानं फ्रेंच फॉरिन लीजनवर साहसकथा लिहून जगभर नाव कमावलं. त्याची 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ ची. वाळवंटातला किल्ला, चहूबाजूंनी शत्रू, एकेक सैनिक पडतोय. हे सुचायला त्याला आपल्याकडच्या वर्गांचा कितपत उपयोग झाला असेल, असा विचार अनियमित क्रियापदांचं पान उघडलं की मनात येतोच. तिसऱ्या पिढीनं इंग्रजी शिकवणारं रॅपिडेक्स घेतलं, कारण त्याच्या जाहिरातीत कपिलदेव होता. कपिलदेव इंग्रजी बोलू शकतो तर आपण का नाही, असा विचार करून भिवंडीत कितीतरी जणांनी ते पुस्तक घेतलं आणि बॉलिंग सुरू केली.

क्लासचे सर दिवसा एका सूताच्या पेढीवर हिशेब लिहितात. संध्याकाळी त्यांच्या पुढ्यात बसणारी मुलं म्हणजे भिवंडीचा नकाशा. एक रांग आगऱ्यांच्या पोरांची, एक पद्मानगरातल्या तेलुगू घरांतली, एक उत्तर प्रदेशातून आलेल्या मागवाल्यांची, एक कोकणी मुसलमानांची, आणि खिडकीपाशी आमच्यासारखी चाळीतली, जी आपल्याला मराठी येतं म्हणून उगाचच मोठ्या तोऱ्यात असतात. या सगळ्यांना घरी निरनिराळ्या भाषांतून शिव्या बसतात. वर्गात मात्र सगळ्यांना एकाच भाषेत बसतात.

पहिल्या दिवशी सर नियम सांगतात. भूतकाळ करायचा असेल तर शेवटी 'ड' लावायचा. वॉक, वॉक्ड. टॉक, टॉक्ड. मुलं खूश. इतकी सोपी भाषा असून घरचे उगाच घाबरवत होते असं त्यांना वाटतं. मग एक हुशार मुलगा उठून म्हणतो, "आय गोड टु स्कूल." वर्गाला यात काहीच चूक दिसत नाही. शाळा गोड असते हे मात्र कुणाला पटत नाही. सर म्हणतात, "गोड नाही रे, वेंट." मुलगा विचारतो, "सर, गोमधला ग कुठे गेला?" सरांकडे उत्तर नसतं. खरं तर उत्तर आहे. 'वेंट' हा 'गो'चा नव्हताच. इंग्रजीत 'वेंड' नावाचं वाट चालण्याचं एक वेगळं क्रियापद होतं, 'वेंट' हा त्याचा भूतकाळ. 'गो'चा स्वतःचा भूतकाळ जुना झाला, मोडीत निघाला, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यानं शेजाऱ्याचा उचलला. शेजाऱ्याला मग 'वेंडेड' असा नवा शिवून घ्यावा लागला. भिवंडीत वीजमीटरच्या बाबतीत असं ऐकलं होतं, व्याकरणात पहिल्यांदाच.

त्यानंतर तक्ता येतो. तक्त्यात सगळ्यात लाडकी ती, जी तिन्ही रूपांत बदलत नाहीत. कट-कट-कट. पुट-पुट-पुट. शट-शट-शट. पुट-पुट-पुट म्हणताना मागची रांग खरोखरच पुटपुटत असते. कट-कट-कटचा अर्थ ज्यांनी भारनियमनाची वर्षं काढली त्यांना समजावून सांगावा लागला नाही. काल गेली, आज गेली, उद्याही जाईल, रूप तेच. 'कॉस्ट-कॉस्ट-कॉस्ट' आलं की मात्र सूतवाल्यांच्या घरची मुलं अस्वस्थ होतात. सुताचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. सगळ्या क्रियापदांत याचीच तीन रूपं तीन असायला हवी होती, असं त्यातल्या एकानं सरांना सांगूनही पाहिलं.

'रीड-रेड-रेड' हे दिसायला एकसारखं आणि बोलायला वेगळं. लिहिताना तिन्ही ठिकाणी तीच अक्षरं, पण दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी 'रेड' म्हणायचं. भिवंडीत 'रेड' या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो जीएसटीच्या लोकांशी संबंधित आहे. "सर, दोनदा पडली का?" असं विचारणाऱ्या मुलाला सरांनी बाकावर उभं केलं, पण हसू त्यांनाही आलं होतं.

मग येते 'ऑट' टोळी. थिंकचं थॉट, फाइटचं फॉट, कॅचचं कॉट, टीचचं टॉट, बायचं बॉट, ब्रिंगचं ब्रॉट. बॉट आणि ब्रॉटमध्ये एका र चा फरक, आणि भिवंडीच्या धंद्यात नेमका तोच फरक महत्त्वाचा. माल विकत घेतला की नुसताच आणला यावर अर्धी भांडणं होतात. आणि सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक पाठ झालं की मुलं आपल्या बुद्धीनं पुढे जातात: ब्रिंग-ब्रँग-ब्रंग, थिंक-थँक-थंक. टेक-टुक-टेकन, शेक-शुक-शेकन आलं की मेक-मूक-मेकन. सर छडी उचलतात. माझ्या मते बक्षीस द्यायला हवं. तक्ता पाठ करणं हे पोपटालाही जमतं, मेक-मूक-मेकन बनवायला डोकं लागतं.

'लाय-ले-लेन' आणि 'ले-लेड-लेड' या प्रकरणात मी शिरत नाही. पहिल्यात माणूस आडवा होतो, दुसऱ्यात कोंबडी अंडं घालते, आणि तिसरं एक 'लाय' आहे ज्यात माणूस खोटं बोलतो. यातल्या पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा दिसतो. "परीक्षेत येत नाही, सोडून द्या," असं सर सांगतात, आणि अख्ख्या अभ्यासक्रमात त्यांचं एवढं एकच वाक्य सगळ्या मुलांना समजतं.

इथपर्यंत वाचून खिडकीपाशी बसलेली आमची मराठी मंडळी म्हणतील, काय ही भाषा, काही ताळतंत्रच नाही. थांबा जरा. शेजारच्या रांगेतला जौनपूरचा पोरगा मनपाच्या शाळेत मराठी शिकतोय, त्याला विचारा. त्यानं नियम बरोबर ओळखला: बसतो-बसला, उठतो-उठला, पडतो-पडला. मग तो मोठ्या विश्वासानं म्हणाला, "बाई, तो घरी जाला." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "गेला म्हणावं बाळ." बाळानं विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं, की 'जा'मधला ज कुठे गेला. करतो-केला. होतो-झाला. मरतो-मेला. देतो-दिला. खातो-खाल्ला, पण गातो-गायला. सांगतो-सांगितलं, मागतो-मागितलं, पण रांगतो-रांगला. हा तक्ता आमच्या कुठल्याही भिंतीवर लावलेला नाही, म्हणून आमची भाषा सरळ. वर आम्ही 'मरणे'चं भूतकाळाचं रूप हाक मारायला वापरतो. "अरे मेल्या, इकडे ये." ज्याला हाक मारली तो जिवंत असतो, येतोही. आगरी पोरगा म्हणतो, "मी आयलू, मी गेलू," आणि तेलुगू घरातल्या पोरीला हे 'आलो'-'गेलो'च्या वेगळं पाठ करावं लागतं.

शिवाय आमच्याकडे एक खुबी आहे जी इंग्रजांना सुचली नाही. 'मी पोळी खाल्ली' म्हणताना खाणारा पुरुष, पण क्रियापद स्त्रीलिंगी, कारण पोळी बाई. 'मी आंबा खाल्ला' म्हटलं की तेच क्रियापद पुरुष होतं, मग खाणारी बाई का असेना. म्हणजे कोण खातंय यापेक्षा काय खाल्लं जातंय याला महत्त्व. इंग्रजीत 'एट' म्हटलं की संपलं. पोळी खा, आंबा खा, नाही तर वडापाव खा, इंग्रजी क्रियापद ढुंकून बघत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी क्लासमधल्या मुलांनी इंग्रजीच्या पाया पडायला हरकत नाही.

क्रियापदं अशी अनियमित का राहतात, याचाही शोध लागलेला आहे. २००७ साली हार्वर्डच्या काही संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि हजारेक वर्षांत त्यांचं काय झालं ते पाहिलं. त्यातली ९८ अजून अनियमित आहेत. बाकीची सुधारली, म्हणजे शेवटी 'ड' लावून निमूट बसली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आज 'हेल्प्ड' आहे. कोण सुधारलं आणि कोण नाही, याचं गणितही त्यांनी मांडलं: जे क्रियापद जितकं कमी वापरात, तितकं ते लवकर सुधारतं. जे रोज, तासातासाला तोंडात असतं, त्याला कुणी हात लावू शकत नाही. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरातली दहा क्रियापदं घ्या, असणे, करणे, जाणे, म्हणणे, बघणे, घेणे वगैरे, दहाच्या दहा अनियमित. यात शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटलं असेल. भिवंडीत कुणालाच वाटणार नाही. ज्याला रोज सगळे विचारतात त्याला नियम लागू नसतो, हे इथं वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर बसणाऱ्यालाही ठाऊक आहे. यापुढे सुधारण्याची पाळी 'वेड'ची, म्हणजे लग्न करण्याच्या क्रियापदाची, असं त्या संशोधकांचं भाकीत आहे. तेव्हा सरांनी तक्त्यातून ते आताच खोडून टाकायला हरकत नाही.

'टु बी' हा तर क्रियापदांतला सरपंच. बाकीच्यांची तीन रूपं, याची आठ: बी, अॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. इतकी कशी? तर ती एका घरातली नाहीतच, निरनिराळ्या जुन्या धातूंनी मिळून हा संसार थाटलाय. यातला 'इज' हा संस्कृतातल्या अस् धातूचा लांबचा भाऊबंद, 'बी' हा भू धातूचा, आणि 'वॉज' हा वस् धातूचा, ज्यापासून आपली वस्ती आणि निवास आले. म्हणजे ज्याला आपण परका वाघ समजून घाबरलो तो आपल्याच भावकीतला निघाला. भावकीत निघाला म्हणून सोपा झाला असं नाही. भावकी कधी सोपी असते?

यातल्या 'बीइंग'चा, म्हणजे शेवटी 'इंग' लावून चालू काळ करण्याचा सराव भिवंडीकरांना मेट्रोनं करून दिला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली, आणि खांब उभे राहत असताना 'मेट्रो इज कमिंग' हे वाक्य शहरातल्या पोराटोरांच्या तोंडी बसलं. 'हॅज कम' म्हणायला काय लागतं हे त्यांना तक्त्यावरून नव्हे, खड्ड्यावरून समजलं.

आता तिसऱ्या रूपाकडे येतो, कारण क्लासमध्ये त्याला न्याय मिळत नाही तो रस्त्यावर मिळतो. भिवंडीत तिसरं रूप कुठे राहतं? प्रत्येक दुकानाच्या बिलबुकावर, अगदी तळाशी, बारीक टाइपात: 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.' एका ओळीत दोन तिसरी रूपं, सोल्ड आणि टेकन, दोन्ही अनियमित, आणि दोन्ही बिनचूक. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं तो व्याकरणात पक्का होता आणि व्यवहारात त्याहून पक्का. कोण परत घेणार नाही, याचा त्यात उल्लेखच नाही. 'मी घेणार नाही' असं म्हटलं तर भांडण होतं. 'घेतला जाणार नाही' म्हटलं की काउंटरमागचा माणूस अदृश्य होतो आणि गिऱ्हाईक भिंतीशी भांडतं. तिसऱ्या रूपाचा खरा उपयोग हाच: काम होतं किंवा होत नाही, करणारा मात्र सापडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली, म्हणजे संसदेनंही या रूपात लक्ष घातलं. पण बिलबुकं आधीच छापून झाली होती.

क्लासच्या मुलांना 'कॅच-कॉट-कॉट' पाठ करून घ्यायला सरांचा आठवडा जातो. तीच मुलं रविवारी मैदानात 'कॉट बिहाइंड' आणि 'कॉट अँड बोल्ड' चुकत नाहीत. अंपायरला 'कॅच्ड' म्हणणारा मुलगा भिवंडीत अजून जन्माला यायचाय. गोदामं भाड्यानं देणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला 'बिल्ड-बिल्ट-बिल्ट' शिकवावं लागत नाही. बिल्ट-अप किती आणि कार्पेट किती, हे तो झोपेत सांगतो आणि दोन्हींतला फरक ब्रोकरला तोंडावर ऐकवतो. 'फीड-फेड-फेड' परीक्षेत चुकणारा माणूस घरी येऊन "मी या इंग्रजीला अगदी फेडअप झालोय" म्हणतो. 'फ्रीझ'चं 'फ्रोझन' मटाराच्या पाकिटावर असतं, 'राइट'चं 'रिटन' भरतीच्या परीक्षेत, 'मेक'चं 'मेड' तर रेडिमेडमधून अख्ख्या बाजारपेठेत पसरलंय.

बाकी क्रियापदांशी मराठी माणसानं फार शहाणपणानं तह केलाय. त्यानं इंग्रजी क्रियापद घेतलं, पहिलं रूपच घेतलं आणि पुढे 'करणे' किंवा 'होणे' जोडून टाकलं. सेंड केलं, कट केलं, चूझ केलं, फरगिव्ह केलं. सेंट, चोझन, फरगिव्हन या भानगडी इंग्रजांच्या इंग्रजांनी निस्तराव्यात. मोबाईल 'हँग' होतो, 'हंग' कधीच होत नाही, आणि 'हँग्ड' झाला म्हणायची वेळ तर शत्रूच्या मोबाईलवरही येऊ नये, कारण ते फाशीला वापरतात. भूतकाळ, भविष्यकाळ, लिंग, वचन सगळं ओझं बिचारं 'करणे' वाहतं. तेही स्वतः अनियमित, पण घरचं.

अपवाद एकच, आणि तो व्हॉट्सअॅपनं घडवला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण होतं आणि रात्री एखादे काका रागानं ग्रुप सोडतात. पडद्यावर उमटतं, 'लेफ्ट'. सकाळी जिन्यात चर्चा: "काका लेफ्ट झाले." लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट तक्त्यावर वर्षानुवर्षं लटकत होतं तेव्हा कुणी बघितलं नाही. आता ते इतकं मुरलंय की "काल लेफ्ट झाले, आज अॅड केलं, परत लेफ्ट झाले" असा एखाद्याचा अख्खा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो. परवा एका वहिनींनी मुलीच्या स्थळाबद्दल सांगितलं, "मुलगा चांगला होता हो, पण नोकरीतून लेफ्ट झालाय."

तिसऱ्या रूपाचा सगळ्यात बारीक उपयोग मात्र भिवंडीइतका कुठंच कामाला येत नसेल. तो म्हणजे 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन'. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं की 'हॅज गॉन' म्हणजे गेलाय आणि अजून तिकडेच आहे, 'हॅज बीन' म्हणजे जाऊन आलाय. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटतं ही व्याकरणाची बाब आहे. इथं ती धंद्याची बाब आहे. ईद झाली, होळी आली, गावाकडे लग्नं निघाली, पेरणी आली की मागवाला गावी जातो. शेठ मुकादमाला विचारतो, "वो गाव गया है, या जा के आया?" पहिलं असेल तर माग बंद, दुसरं असेल तर माग चालू. 'गॉन' आणि 'बीन'च्या मधे किती मीटर कापड अडतं, ते मुकादम बोटांवर मोजून सांगतो.

२०२० च्या टाळेबंदीत तर अख्खं शहर 'गॉन' झालं होतं. माणसं डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या रस्त्यानं चालत निघाली होती. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली, तिच्यात बसायला मिळालं ते नशीबवान. गल्ल्यांत माग बंद, वरचे क्लासही बंद. इतकी शांत भिवंडी जुन्या माणसांनाही आठवत नव्हती. मग हळूहळू लोक परतले. सगळे नाही. पण परतले त्यांची हजेरी घेताना मुकादमाच्या वहीत प्रत्येक नावापुढे जे काही लिहिलं गेलं, त्याचं इंग्रजी 'हॅज बीन' असंच होईल.

सरांना हा फरक शिकवायचा कंटाळा नाही, कारण त्यांच्या पेढीचं पोट त्याच्यावर आहे. सुताचा धंदा उधारीचा. माल आज जातो, पैसे कधी येतील ते पार्टीच्या मनावर. 'पे-पेड-पेड' हे क्रियापद तक्त्यावर दिसायला साधंसुधं, पण सरांच्या म्हणण्याप्रमाणे बाजारात त्याची दुसरी-तिसरी रूपं कुणी ऐकलेली नाहीत. पार्टी 'विल पे' म्हणते. दोन महिन्यांनी विचारलं तरी 'विल पे'. सर रीतसर पत्र लिहितात, 'युवर पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ड', तीन शब्दांचं काम सहा शब्दांत, आणि कुणी दिलं नाही ते मोघम ठेवून, कारण पुढचा माल याच पार्टीला घालायचाय.

पत्रांनी भागत नाही तेव्हा तगाद्याला माणूस पाठवावा लागतो. सरांनी या कामाला क्लासमधलाच एक मुलगा ठेवलाय. दहावीला दोनदा इंग्रजीत गेला, तिसऱ्यांदा निघाला. तोच तो, मेक-मूक-मेकनवाला. मागच्या महिन्यात त्याला एका कारखान्यावर पाठवलं. तिथले मुनीम शिकलेले, आल्यागेल्याशी इंग्रजीत बोलणारे. मुलानं बाहेर येऊन सरांना फोन लावला. मी पेढीवर चहाला बसलो होतो, सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, शेठ नाहीत. मुनीम म्हणाले, शेठ हॅज गॉन टु मालेगाव."

"गॉन म्हणाले का बीन म्हणाले? नीट आठव."

"गॉन म्हणाले सर. दोनदा म्हणाले."

"बरं. मग आज ये परत."

"नाही सर, पण..." फोनवर जरा वेळ नुसती मागांची खटखट आली. "सर, पोटमाळ्याच्या जिन्यापाशी शेठच्या चपला आहेत. आणि वरून पंख्याचा आवाज येतोय."

सरांनी बशी खाली ठेवली.

"मग बीन आहे ते. बस तिथंच. मुनीमजींना म्हणावं, आय अॅम सिटिंग. आणि चहा सांग, कटिंग नको, फुल सांग."